म्युझिक सिस्टीम, स्क्रीन आणि कॅमेऱ्याला रिले: जोडणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गाडीत आधी अँड्रॉइड प्लेअर येतो, मग मागच्या सीटला दोन स्क्रीन, मग डिक्कीत वूफर. सांगली-मिरजेतल्या बहुतेक गाड्यांत या प्रत्येक नव्या वस्तूची लाल वायर प्लेअरमागच्या त्याच एका ॲक्सेसरी वायरीला (चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की वीज येते ती) पीळ देऊन जोडलेली सापडते. ती वायर कंपनीनं एका प्लेअरच्या हिशोबानं दिलेली असते. फ्यूज उडतो, कुणीतरी १० चा काढून २० चा घालतं, आणि पुढच्या खेपेला फ्यूज शाबूत राहून वायर वितळते.

रिले, म्हणजे बारीक वायरीच्या इशाऱ्यावर जाड लाइन चालू-बंद करणारा स्विच, लावला की हे थांबायला हवं, पण पुष्कळदा थांबत नाही. रिले असतो, चावी फिरवली की टिक वाजतो, आणि तपासायला गेलं तर ३० नंबरच्या पिनला, म्हणजे मुख्य वीज आत येते तिथं, वीज त्याच बारीक ॲक्सेसरी वायरीतून दिलेली असते. मग रिले असून नसल्यासारखाच. चावीच्या वायरीनं फक्त हुकूम द्यायचा. वीज यायची ती थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून आणि जाड वायरीतून. नेहमीच्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल (आतलं चुंबकाचं वेटोळं) जेमतेम ०.१५ अँपिअर घेते आणि तिच्या जोरावर आतले पॉइंट (एकमेकांना टेकून वीज सोडणारे धातूचे तुकडे) ३० अँपिअर सोडतात. खालचे सगळे टप्पे एवढ्यासाठीच आहेत.

१. आधी कागदावर लोड मांडा

रिलेवर काय काय चालणार आहे ते लिहून काढा आणि प्रत्येकाचे अँपिअर टाका. वस्तूवर वॅट दिले असतील तर १२ नं भागा. उदाहरणार्थ, दोन हेडरेस्ट स्क्रीन प्रत्येकी १.५, डीव्हीडी प्लेअर २, मोबाइल चार्जर ३, कूलिंग फॅन अर्धा, म्हणजे साडेआठ अँपिअर. त्यावर पाव भाग जास्त धरा, साडेदहाच्या पुढं जातं. म्हणून फ्यूज १५ चा.

इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा मोजा. १५० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बॅटरीतून साधारण १५ अँपिअर ओढतो, त्यामुळं त्याला स्वतःचा रिले आणि स्वतःचा फ्यूज द्या.

वायर फ्यूजच्या हिशोबानं घ्यायची. चांगल्या तांब्याच्या वायरीसाठी हे धरून चाला:

१ चौरस मिमी: १० अँपिअरपर्यंत
१.५ चौरस मिमी: १५ अँपिअर
२.५ चौरस मिमी: २० अँपिअर
४ चौरस मिमी: ३० अँपिअर

लांबी वाढली की एक माप वर जा. ५ मीटर लांबीच्या २.५ च्या वायरीतून १५ अँपिअर गेले तर एकट्या पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट गळतो. ४ ची घातली तर तोच एक तृतीयांश व्होल्टवर येतो. बोलेरो, अर्टिगात मागच्या सीटपर्यंत जायचं असेल तर ४ चीच घ्या. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. वायरीचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर परत करा.

सावधान: अँप्लिफायरची मुख्य जाड लाइन रिलेवरून न्यायची नाही. ती बॅटरीवरून फ्यूज लावून थेटच जाते. अँपच्या आत मोठे कपॅसिटर असतात; रिले लागला की ते क्षणभर एवढा करंट ओढतात की पॉइंट चिकटून बसतात आणि मग चावी काढली तरी लाइन चालूच राहते. अँपची फक्त रिमोटची बारीक वायर (अँपला चालू हो म्हणून इशारा देणारी) रिलेवर येऊ शकते. ती कशी, ते नवव्या टप्प्यात.

२. सामान

– १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनी रिले, वायर लावलेल्या बेससकट
– पाण्यापासून झाकण असलेला ब्लेड फ्यूज होल्डर. त्याच्या स्वतःच्या वायरीही तुमच्या लाइनइतक्या जाड हव्यात
– फ्यूज: १५ चा निळा, २० चा पिवळा, १० चा लाल, ट्रिगरसाठी (रिलेला हुकूम देणारी चावीची वायर) २ किंवा ३ चा
– १एन४००७ डायोड
– ६ आणि ८ मिमी भोकाचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या रिंगा), हीट श्रिंक स्लीव्ह, काळी रिंगाची नळी, केबल टाय
– क्रिंपिंगचा पक्कड, मल्टिमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब होल्डरसकट

वायर पीळ देऊन वर टेप गुंडाळणं विसरा. एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडं उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागं टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं पत्र्याला टेकतं. चालू वायरीवर चिमट्यासारखे दाबून बसवायचे प्लास्टिकचे निळे-लाल टॅपही टाळा. ते तांब्याचे धागे तोडतात आणि सहा महिन्यांनी जोड सैल पडतो.

३. रिले टेबलावरच तपासा

पिनांवर नंबर कोरलेले असतात. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० म्हणजे बॅटरीची वीज आत येते ती पिन, ८७ म्हणजे लोडकडं बाहेर जाते ती. पाच पिनी रिलेत मधोमध ८७-ए असते.

बेसच्या वायरींचे रंग बघून जोडू नका. रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. बेस उलटा करून मागचे नंबर वाचा आणि प्रत्येक वायरीवर टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नंबर लिहा. छोट्या आकाराच्या रिलेत ३० आणि ८६ या पिनांच्या जागा उलट असलेला प्रकारही मिळतो. दिसायला सारखाच, म्हणून जुन्याच्या जागी नवा घालताना नंबर पुन्हा वाचा.

मीटर ओहमवर ठेवून ८५-८६ मध्ये ७० ते ११० च्या आसपास दिसायला हवं. ३०-८७ मध्ये काहीच जोड नको. मग ८५-८६ ला बॅटरी दिली की टिक वाजून ३०-८७ जुळायला हवेत.

फक्त टिक ऐकून रिले चांगला समजू नका. टिक कॉइलचा असतो. पॉइंट जळलेले असले तरी तो तसाच वाजतो.

सावधान: पाच पिनी रिलेची ८७-ए पिन म्हणजे लपलेलं लफडं. रिले बंद असताना ३० ची वीज ८७-ए वर येऊन थांबलेली असते, म्हणजे चावी खिशात असतानाही ती पिन जिवंत. तिची वायर बेसमधून काढून टाका किंवा टोकाला स्लीव्ह घाला. आणि ८७ समजून ८७-ए ला लोड जोडला तर सगळं उलटं चालतं: चावी काढली की स्क्रीन चालू. १ अँपिअरचा लोड रात्रभर, दहा तास राहिला तर १० अँपिअर-तास गेले, आणि छोट्या कारची बॅटरी असते ३५ ची.

४. ट्रिगर शोधा

बॅटरी अजून जोडलेलीच ठेवा, कारण इथं मोजायचं आहे. मीटरची काळी वायर उघड्या पत्र्याला लावा आणि चावीच्या प्रत्येक टप्प्यावर व्होल्ट बघा. हवी ती वायर अशी: चावी काढल्यावर शून्य, ॲक्सेसरीवर १२, इग्निशन ऑनवर १२. स्टार्टर फिरताना ती क्षणभर शून्यावर जाते, ते बरोबरच आहे. त्या क्षणी स्क्रीन बंद होऊन पुन्हा लागली तर तो बिघाड नव्हे.

सोपी जागा म्हणजे प्लेअरमागची लाल वायर. बाजारातल्या प्लेअरला पिवळी कायम बॅटरीची, लाल ॲक्सेसरीची, काळी अर्थची आणि निळी-पांढरी अँपच्या रिमोटची असते. कंपनीच्या हार्नेसमध्ये (कारखान्यातून आलेल्या वायरींच्या जुड्यात) मात्र हे रंग चालत नाहीत. तिथं मीटर सांगेल तेच खरं.

दुसरी जागा म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप, म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसून तिथून एक जादा वायर काढून देणारा जोड. टॅप दोन्ही बाजूंनी बसतो, पण बरोबर बाजू एकच. मूळ फ्यूज काढून, चावी ॲक्सेसरीवर ठेवून, कुठल्या खाचेत वीज येते ते बघा. टॅपची वायर नसलेली बाजू त्या खाचेत गेली पाहिजे. उलटा बसवला तर तुमचा करंट आधी मूळ फ्यूजमधून जातो.

एअरबॅग, एबीएस आणि इंजिन ईसीयूच्या (इंजिनच्या संगणकाच्या) फ्यूजला हात लावायचा नाही. पिवळ्या नळीतलं किंवा पिवळ्या कनेक्टरचं काहीही एअरबॅगचं समजून सोडून द्या. आणि नव्या गाडीत टोचायचा बल्बवाला टेस्टर वापरू नका, मीटरच वापरा.

काही नव्या गाड्यांत ॲक्सेसरीची वायर हार्नेसमध्ये नसतेच; प्लेअरसोबतचा कॅनबसचा डबा (गाडीच्या संगणकाचे संदेश वाचणारा) ती तयार करून देतो. तिची ताकद फारच कमी. तिच्यावर कॉइल चालते, पण स्क्रीन, चार्जर थेट जोडले तर डबा जातो.

५. बॅटरी सोडवा, मग मुख्य लाइन टाका

आता बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडवा, १० नंबरचा पाना लागतो. पॉझिटिव्हला पाना असताना तो पत्र्याला लागला तरी मग ठिणगी नाही. जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. डॅशबोर्ड उघडायचा असेल तर त्यानंतर किमान पाच मिनिटं थांबा. काही गाड्यांचा मूळ स्टिरिओ बॅटरी सुटली की कोड मागतो, तो आधी हाताशी ठेवा.

फ्यूज होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५-२० सेमीच्या आत. का? फ्यूजच्या आधीची वायर उघडीच असते, तिला कुणी वाली नाही. फ्यूज केबिनमध्ये रिलेजवळ लावला आणि इंजिनशेजारी वायर घासून शॉर्ट झाली, तर जळणारी सगळी वायर फ्यूजच्या अलीकडची.

होल्डर लावा, पण फ्यूज अजून घालू नका.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर नेताना कंपनीच्या रबरी ग्रोमेटमधूनच (भोकाच्या काठाला बसवलेल्या रबरी रिंगेतूनच) न्या. नवं भोक पाडलंच तर त्यालाही ग्रोमेट. ग्रोमेटच्या बाहेर वायरीला खाली झुकणारं वळण ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न शिरता वळणावरून टपकेल. महाबळेश्वर-पाटणकडं पावसाळाभर फिरणाऱ्या गाडीत हे एक वळण चुकलं की फुटमॅट ओली होते आणि दोष काचेच्या रबराला जातो. पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्याजवळून वायर नको. आरसीए केबल (प्लेअरकडून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी) गाडीच्या एका बाजूनं, पॉवर लाइन दुसऱ्या बाजूनं.

६. रिलेची जागा

कोरडी, हाताला येणारी, पिना खालच्या दिशेला. पिना वर असल्या तर बेस पाणी साठवणारी वाटीच होतो. रिलेच्या कानाला स्क्रू लावून बसवा. नुसता वायरीवर लोंबकळत सोडला तर तो खडखडतो आणि बेसमधून सरकतो. बॉनेटखाली लावायचा असेल तर सीलबंद प्रकारचाच घ्या.

सीटखाली आणि पायाजवळच्या कार्पेटखाली मी म्हणेन नकोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत किती गाड्यांत पाणी शिरलं हे इथल्या वाचकाला सांगायला नको. पाण्यात बुडालेला रिले वाळवून पुन्हा वापरू नका. आत पॉइंटवर हिरवट थर चढतो, टिक वाजत राहतो आणि व्होल्टेज अर्ध्यावर येतं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागची वरची जागा बहुतेक गाड्यांत सोयीची पडते.

७. जोडणी, याच क्रमानं

क) ८५ ची वायर पत्र्याला, म्हणजे अर्थला.
ख) ८५ आणि ८६ च्या मध्ये डायोड. त्याच्यावरची पांढरी पट्टी ८६ च्या बाजूला. कॉइल सुटताना उलटा झटका मारते, शंभर व्होल्टच्या पुढंही जातो, आणि प्लेअरची रिमोट लाइन त्यानंच जाते. डायोड उलटा बसला तर ट्रिगरचा फ्यूज लगेच उडेल. रिलेच्या अंगावरच्या आकृतीत डायोडचं चिन्ह असेल तर वेगळा लावू नका, पण मग ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हे बदलता येत नाही.
ग) ८६ ला ट्रिगरची वायर, वाटेत २ किंवा ३ चा फ्यूज. अर्ध्या चौरस मिमीची वायर पुरते.
घ) ८७ वरून लोडकडं. एकापेक्षा जास्त वस्तू असतील तर छोटा फ्यूज बॉक्स लावून प्रत्येकीला तिच्या मापाचा फ्यूज. १५ च्या एका फ्यूजवर दीड अँपिअरची स्क्रीन सोडली, तर स्क्रीनच्या बारीक वायरीला संरक्षण उरत नाही.
च) ३० ला बॅटरीची लाइन, सगळ्यात शेवटी.

प्लेअरची पिवळी वायर या रिलेवर आणू नका. ती कायम चालू हवी, नाहीतर दर वेळी घड्याळ आणि सेटिंग पुसलं जाईल. समोरच्या स्क्रीनची हँडब्रेकची वायर हँडब्रेकच्या स्विचलाच जोडा. रिले लावून तिला फसवायचं, म्हणजे चालत्या गाडीत ड्रायव्हरसमोर पिक्चर लावायचा. तसली जोडणी कुणी मागितली तरी करून देऊ नका.

अर्थिंग. निम्म्या तक्रारी इथल्या. जाड पत्र्यावरचा कारखान्याचा बोल्ट निवडा, रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, दात असलेला वॉशर घाला, थिंबल कसा, वरून थोडं ग्रीस. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड. प्लॅस्टिकच्या पॅनेलचे स्क्रू आणि सीटबेल्टचे बोल्ट यासाठी नाहीत. प्लेअर, स्क्रीन आणि साउंड प्रोसेसरचे अर्थ एकाच जागी आणा. वेगवेगळ्या ठिकाणी दिले की ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येते. ही शिट्टी रिले लावल्यानं जात नाही.

बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सरची छोटी डबी असलेल्या गाडीत अर्थ थेट निगेटिव्हच्या खुंटीला देऊ नका, बॉडीला द्या. नाहीतर तुमचा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो.

८. पहिला करंट बल्बमधून

मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडा, लोडचे सगळे फ्यूज काढून ठेवा, आणि बॅटरीचा निगेटिव्ह लावा.

तपासा: चावी बंद असताना बल्ब पेटला तर ३० च्या लाइनीत शॉर्ट आहे. चावी ॲक्सेसरीवर केल्यावर पेटला तर ८७ च्या पुढं. दोन्ही वेळा विझलेला राहिला तर लाइन स्वच्छ. शॉर्ट असला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जात नाही, म्हणून फ्यूजही जळत नाहीत आणि वायरही.

मग बल्ब काढा, खरा फ्यूज घाला, लोडचे फ्यूज एकेक करून बसवा. सगळं चालू ठेवून मीटर दोन ठिकाणी लावा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून शेवटच्या वस्तूच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. बेसमागून ३० आणि ८७ मध्ये ०.१ च्या आसपास, ०.३ च्या वर गेलं तर रिले किंवा बेसची पिन सैल. पंधरा मिनिटांनी हात लावून बघा. रिले कोमट लागणं ठीक, चटका बसला तर नाही.

शेवटी चावी काढून, दारं लॉक करून अर्धा तास थांबा आणि निगेटिव्ह लाइनीत मीटर घाला, १० अँपिअरच्या भोकात. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

९. ठरावीक जोडण्या

दोन-तीन अँप आणि फॅन: प्लेअरच्या निळ्या-पांढऱ्या वायरीवर सगळ्यांचे रिमोट आणि फॅन लादू नका. ती ८६ ला द्या, ३० ला अँपच्या लाइनीवरून ५ च्या फ्यूजमधून वीज, ८७ वरून सगळे रिमोट आणि फॅन. रिमोट ॲक्सेसरीवरून घेण्याचा शॉर्टकट अनेक जण मारतात. मग बंद करताना स्पीकरमधून धप्प आवाज येतो आणि प्लेअर बंद असला तरी अँप तापत बसतो.

रिव्हर्स कॅमेरा: कॅमेऱ्याला करंट नगण्य लागतो, लोडसाठी रिले नकोच. पण काही गाड्या रिव्हर्सच्या दिव्याला तुटक झटक्यांत वीज देतात आणि चित्र थरथरतं. तिथं दिव्यावरून रिले लावला तर रिलेही तडतडतो. कॅमेऱ्याची वीज तुमच्या ८७ वरून, छोट्या फ्यूजमधून घ्या आणि रिव्हर्सच्या दिव्यावरून फक्त प्लेअरची इशाऱ्याची वायर.

टुरिस्ट बस: मोठ्या बस आणि ट्रक २४ व्होल्टचे असतात, रिलेवर २४ लिहिलेलं बघूनच घ्या, १२ चा लावला तर कॉइल जळते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून टीव्ही चालवण्याची जुनी खोड आहे. त्यात ती एक बॅटरी कायम अर्धी भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चा रिले, त्याच्यापुढं २४ ते १२ चा कन्व्हर्टर, मग लोड.

उसाचा ट्रॅक्टर: गाळप हंगामात वाळवा-पलूसकडं साउंड नसलेला ट्रॅक्टर शोधावा लागतो. बहुतेक ट्रॅक्टरच्या चावीला ॲक्सेसरीचा वेगळा टप्पा नसतो, म्हणून ट्रिगर इग्निशन ऑनवरून घ्या आणि वाटेत एक छोटा स्विच ठेवा. रिले सीलबंद, फेंडरच्या आतल्या बाजूला, रबराच्या वॉशरवर. दर हंगामाला बेस काढून पिना साफ करा, उसाचा पाला आणि धूळ आत जातेच. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवून २० अँपिअरचा लोड दोन तास वाजवला तर बॅटरीतून ४० अँपिअर-तास गेले. ८८ च्या बॅटरीची ती जवळजवळ निम्मी. यावर रिलेकडं इलाज नाही, दुसरी बॅटरी लागते.

१०. बिघाड कुठं बघायचा

टिक वाजतो, लोड चालत नाही: ३० वर वीज आहे का बघा. असेल आणि ८७ वर नसेल तर पॉइंट गेले.

टिकच वाजत नाही: ८५-८६ मध्ये मीटर लावा. १२ आले तर कॉइल गेली, नाहीतर ट्रिगरचा फ्यूज किंवा ८५ चा अर्थ.

रिले मशीनगनसारखा तडतडतो: ट्रिगरला व्होल्टेज कमी मिळतंय. कॉइलला ओढून घ्यायला सात-आठ व्होल्ट लागतात. बॅटरी उतरलेली किंवा अर्थ सैल असेल.

चावी काढली तरी लोड चालू: रिले बेसमधून उपटा. लोड बंद झाला आणि ट्रिगरवर वीज नसेल, तर पॉइंट चिकटलेत किंवा लोड ८७-ए वर आहे. उपटूनही चालूच राहिला, तर त्या वस्तूला आणखी कुठून तरी डायरेक्ट दिलेली जुनी वायर शोधा.

आठवड्यातून एकदा फ्यूज उडतो आणि कारण सापडत नाही: सीटच्या रुळाखालून गेलेली वायर बघा. सीट पुढं-मागं सरकवत मीटर लावला की बहुतेक वेळा तिथंच सापडतं.